घरातल्या धुळीची डीएनए-चाचणी: कोणता संच घ्यावा, नमुना कसा घ्यावा, अहवाल किती मानावा

घरातल्या धुळीत कोणते जिवाणू आणि कोणत्या बुरश्या आहेत हे सांगणारे चाचणी-संच हल्ली घरपोच मिळतात. खोक्यात कापसाच्या टोकाच्या दोन-चार काड्या, त्या ठेवायच्या नळ्या आणि सूचनांचा एक कागद असतो. नमुना प्रयोगशाळेला परत पाठवायचा, काही आठवड्यांनी अहवाल येतो. असा संच निवडताना काय पाहावं, फसगत कुठे होते आणि आलेल्या आकड्यांतून खरंच काय कळतं, याचं हे परीक्षण. निष्कर्ष आधीच सांगतो: घरात कोण वावरतं, कुत्रा-मांजर आहे का, बाहेरची हवा किती आत येते आणि कुठे ओल मुरते आहे, एवढं हा अहवाल बऱ्यापैकी सांगतो. घर आरोग्याला चांगलं की वाईट, हे मात्र तो सांगू शकत नाही. तसा निकाल गुणांत मांडणारा संच कितीही देखणा असला तरी घेऊ नका, असंच आमचं मत आहे.

संच हातात आला की आधी काड्यांचं पाकीट वाचावं. त्यावर ‘निर्जंतुक’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. निर्जंतुक काडीवर जिवंत जिवाणू नसतात, पण मेलेल्यांचा डीएनए असू शकतो आणि ही चाचणी डीएनएचीच आहे. ‘डीएनए-मुक्त’ असा स्पष्ट उल्लेख हवा. नळीत डीएनए टिकवणारं द्रावण हवं. ओलसर काडी कोरड्या नळीत टाकली आणि ती टपालात चार दिवस उकाड्यात फिरली, तर भराभर वाढणाऱ्या दोन-तीन जाती मधल्या वेळात फोफावतात. मग प्रयोगशाळेत जे पोचतं त्याचा घराशी संबंध उरत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक संचांत नसते आणि तीच सर्वांत मोलाची आहे: कोऱ्या नमुन्यासाठी एक जादा काडी. ही काडी पाकिटातून काढायची, कशालाही न लावता सरळ नळीत टाकायची आणि बाकीच्या नमुन्यांसोबत पाठवायची. कारण असं की डीएनए वेगळा काढायला वापरतात त्या रसायनांतही थोडा जिवाणूंचा डीएनए असतोच. रालस्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम ही त्यातली नेहमीची नावं. काडीवर भरपूर धूळ असेल तर तो किरकोळ ठरतो. धूळ कमी असेल तर तोच यादीच्या वरच्या ओळींत येऊन बसतो आणि ग्राहक आपल्या घरात नसलेल्या जिवाणूंची काळजी करत बसतो. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला सरळ विचारावं की प्रत्येक फेरीत कोरा नमुना चालवता का आणि त्याचे आकडे आम्हाला दाखवता का. टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नये.

आता नमुना. सर्वाधिक चुका इथेच होतात आणि त्या प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाहीत.

सूचनापत्रकात पुष्कळदा ओटा, कमोडची बैठक, मोबाइलचा पडदा अशा जागा सुचवलेल्या असतात. वाचायला मजेदार, उपयोगाला शून्य. ओट्यावर काय सापडेल हे काल तो कशाने पुसला यावर अवलंबून असतं. घराचा एकूण अंदाज हवा असेल तर खोलीच्या आतल्या दाराच्या चौकटीची वरची कड घ्यावी. तिथे कुणाचा हात लागत नाही, फडकं क्वचित फिरतं, आणि हवेतून खाली बसणारी धूळ महिनोन्‌महिने साचत राहते. अमेरिकेत सुमारे १,२०० घरांचा अभ्यास झाला, तेव्हा घरमालकांनी स्वतः काडीने नमुने घेतले ते चौकटीवरूनच: एक घराच्या आतल्या चौकटीवरून आणि एक बाहेरच्या दाराच्या बाहेरच्या बाजूने. ही जोडी फार उपयोगी आहे. बाहेरचा नमुना शेजारी नसेल तर आतली कुठली बुरशी घरात वाढली आणि कुठली फक्त वाऱ्याबरोबर आत आली, हे सांगता येत नाही. दोनच काड्या असतील तर दोन खोल्या घेऊ नका, एक आत आणि एक बाहेर घ्या.

पद्धत अशी. नमुन्याआधी दोन-तीन आठवडे ती कड पुसू नये. हात धुऊन हातमोजे घालावेत, तोंडाला मास्क लावावा, कारण वर पाहत बोललं की लाळेतले जिवाणू काडीवर येतात. काडीचं टोक गोल फिरवत साधारण एक फूट लांबीवरून न्यावं. टोक राखाडी दिसलं की थांबावं. टोकाला बोट लागू न देता काडी नळीत घालून दांडी खुणेवर मोडावी, झाकण घट्ट लावावं आणि नळीवर जागा व तारीख लगेच लिहावी. त्याच दिवशी पाठवणं जमत नसेल तर नळी फ्रीझरमध्ये ठेवावी, मात्र पाठवण्याच्या दिवसापर्यंत ती पुन्हापुन्हा वितळू देऊ नये. टोक पांढरंच राहिलं तर तो नमुना पाठवू नये. वर सांगितलेली रसायनांची अडचण अशाच नमुन्यात डोकं वर काढते.

चौकटीच्या धुळीची एक मर्यादा आहे: ती किती जुनी आहे ते कळत नाही. दोन ऋतूंची किंवा दुरुस्तीच्या आधी-नंतरची तुलना करायची असेल तर कोरी पेट्री डिश (प्रयोगशाळेतली उथळ बशी) किंवा धूळ धरणारं स्थिरविद्युत कापड साधारण दीड मीटर उंचीवर, ठरावीक दिवस, उदाहरणार्थ दोन आठवडे, उघडं ठेवावं. दोन्ही वेळा तीच उंची, तीच जागा, तेवढेच दिवस. पंखा, खिडकी आणि एसीच्या झोतापासून ते लांब असावं. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतली धूळही काही संच स्वीकारतात. तिच्यात चपलांबरोबर आलेली माती मिसळलेली असते, त्यामुळे जिवाणूंच्या चित्रात मातीतले जिवाणू जास्त दिसतात. गालिच्याखालची बुरशी शोधायला मात्र ही धूळ चांगली.

प्रयोगशाळेत बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. जिवाणूंसाठी १६एस या जनुकाचा एक तुकडा, साधारण २५० अक्षरांचा, वाचला जातो आणि बुरश्यांसाठी आयटीएस नावाचा भाग. फक्त १६एस करणारा संच स्वस्त पडतो, पण त्यात बुरश्या येतच नाहीत. ओलीचा प्रश्न असलेल्या घराला त्याचा काही उपयोग नाही. एवढ्या लहान तुकड्यावरून जिवाणूची प्रजात, म्हणजे आडनाव, बऱ्यापैकी कळते. जात कळेलच असं नाही. आतड्यात नेहमी असणारा ई. कोलाय आणि हगवण करणारा शिगेला यांचा १६एस जवळजवळ सारखा असतो. स्टॅफिलोकॉकसमध्ये त्वचेवरचा रोजचा निरुपद्रवी रहिवासीही येतो आणि गळू करणाराही. अहवालात ठसठशीत अक्षरांत एखाद्या रोगजंतूचं पूर्ण नाव दिसलं तर घाबरण्याआधी कंपनीला पद्धत विचारावी. तुकडा वाचून काढलेलं नाव असेल तर ते संशयाच्या पलीकडे जात नाही. आणखी एक गंमत बऱ्याच अहवालांत सापडते: ‘सायनोबॅक्टेरिया’ची, म्हणजे वनस्पतींसारखं प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंची, मोठी टक्केवारी. पुष्कळदा ती परागकणांतल्या आणि वनस्पतींच्या कणांतल्या हरितलवकाची असते, कारण हरितलवकाचा १६एस सायनोबॅक्टेरियासारखाच असतो. चांगली कंपनी तो भाग आधीच गाळते. गाळलेला नसेल तर बाकीच्या टक्केवारीवरही विश्वास ठेवणं अवघड.

टक्केवारीकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण ग्राहकांची सर्वांत जास्त दिशाभूल तिनेच होते. समजा काडीवर एकूण दहा लाख जिवाणू आहेत आणि त्यात अमुक एक जिवाणू एक लाख. अहवालात दहा टक्के. मग घरात खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात झाली, माणसांच्या त्वचेवरून आलेले जिवाणू घटले आणि एकूण आकडा पाच लाखांवर आला. तो अमुक जिवाणू तेवढाच, एक लाख. अहवालात आता वीस टक्के. घरातल्या माणसाला वाटतं, खिडक्या उघडल्या आणि तो जंतू दुप्पट झाला. प्रत्यक्षात त्याला धक्काही लागलेला नाही. हा घोटाळा टाळायचा तर टक्क्यांबरोबर एकूण प्रमाणही हवं. त्यासाठी क्यूपीसीआर नावाची वेगळी मोजणी करावी लागते. ज्या संचात ती आहे त्याला आम्ही एक पायरी वर ठेवतो. ज्यात नाही, त्यातल्या दोन अहवालांची टक्केवारी एकमेकांशी ताडून पाहू नये.

डीएनए सापडला म्हणजे जिवाणू जिवंत आहे, असंही नाही. घरातल्या धुळीतले बहुतेक जिवाणू मेलेले किंवा निपचित असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान आकाराच्या खोल्यांत घरची धूळ ठेवून प्रकाशाचा परिणाम तपासला. अंधारात सरासरी १२ टक्के जिवाणू जगण्याजोगे राहिले, काचेतून आलेल्या दिवसाच्या उजेडात ६.८ टक्के आणि फक्त अतिनील प्रकाशात ६.१ टक्के. पडदे उघडे ठेवल्याने जिवंतांची संख्या जवळजवळ निम्मी होते, पण मेलेल्यांचा डीएनए तिथेच पडून राहतो, त्यामुळे साध्या अहवालात हा फरक दिसणार नाही. काही प्रयोगशाळा मृत पेशींचा डीएनए आधी निकामी करणारं रसायन वापरतात. ती सोय जादा दामाने मिळत असेल आणि प्रश्न ‘आत्ता काय वाढतंय’ असा असेल, तर घेण्यासारखी आहे.

एवढ्या अटी सांगितल्यावर अहवाल वाचायचा कसा? आमचा क्रम असा: आधी माणसं, मग प्राणी, मग बाहेरची हवा, शेवटी पाणी.

यादीच्या वरच्या भागात स्टॅफिलोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम, स्ट्रेप्टोकॉकस असतील तर तो वावरत्या घराचा नेहमीचा चेहरा आहे. ही आपल्या त्वचेवरची आणि तोंडातली मंडळी. एका वर्गखोलीत केलेल्या मोजणीत माणसागणिक तासाला सुमारे ३ कोटी ७० लाख जिवाणूंइतका डीएनए हवेत मिसळताना आढळला. त्यातला बराचसा पावलांनी उडालेल्या जमिनीवरच्या धुळीतून आला होता. अमेरिकेतल्या सात कुटुंबांचा सहा आठवडे पाठपुरावा केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आला. जी कुटुंबं घर बदलून गेली त्यांच्या नव्या घरातले जिवाणू काही दिवसांतच जुन्या घरातल्यांसारखे दिसू लागले, आणि एखादी व्यक्ती चार दिवस बाहेरगावी गेली की घरातला तिचा वाटा घटला. म्हणजे घराचे म्हणून जे जिवाणू आपण मोजतो ते मुख्यतः राहणाऱ्यांचे असतात. ते ‘हटवण्यासाठी’ विकली जाणारी फवारणी घेऊ नये. पुसून घ्या, संध्याकाळपर्यंत ते परत येतील, कारण तुम्ही घरी आहात.

आधी सांगितलेल्या १,२०० घरांच्या अभ्यासात स्त्री-पुरुषांचं प्रमाणही उमटलं होतं: पुरुष जास्त असलेल्या घरांत कोरिनेबॅक्टेरियम आणि डर्माबॅक्टर जास्त, स्त्रिया जास्त असलेल्या घरांत लॅक्टोबॅसिलस जास्त. कुत्रा आणि मांजर ओळखता येतात, त्यातही कुत्र्याची खूण ठळक, कारण तो अंगाबरोबर बाहेरची मातीही आणतो. कुत्रा असलेल्या घराच्या अहवालात मातीतले आणि प्राण्यांच्या तोंडातले जिवाणू दिसणं अपेक्षितच आहे. काही कंपन्या याच ओळींना ‘असामान्य’ अशी लाल खूण करतात, ते चूक आहे.

बुरश्यांचं गणित वेगळं. कोरड्या घरात त्यांची यादी बहुतांशी बाहेरच्या हवेची नक्कल असते आणि प्रदेश व हवामान यांवर ठरते. क्लॅडोस्पोरियम, आल्टर्नारिया, ऑरिओबेसिडियम ही बाहेरून येणारी नेहमीची नावं. आत-बाहेर दोन्हीकडे ती सारख्याच क्रमाने असतील तर चिंता नाही. आतल्या काडीवर ॲस्परजिलस, पेनिसिलियम किंवा वॉलेमिया बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असेल तर घरात कुठेतरी पाणी मुरतंय, असा तर्क करायला हरकत नाही. आमच्या दृष्टीने संपूर्ण अहवालात कृती करण्याजोगी ओळ हीच एक.

पाण्याच्या जागांचे नमुने वेगळे समजावेत. शॉवरच्या तोंडात आतून चिकट थर बसतो आणि २००९ च्या एका अभ्यासात तिथे मायकोबॅक्टेरियम एव्हियम या, दुबळ्या फुप्फुसांना त्रास देऊ शकणाऱ्या जिवाणूचं प्रमाण पुरवठ्याच्या पाण्यापेक्षा शंभर पटींहून जास्त आढळलं. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात हे जिवाणू इतरांपेक्षा तग धरतात, म्हणून ‘पाणी शुद्ध असूनही हे का’ या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या शुद्धीकरणातच आहे. निरोगी माणसाने त्यासाठी काही करायची गरज नाही. फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्याने मात्र हा आकडा डॉक्टरांना दाखवावा. भांडी घासायच्या स्पंजाचा नमुना पाठवू नये, उत्तर आधीच माहीत आहे: जर्मनीत तपासलेल्या वापरातल्या स्पंजांत काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमध्ये ५,४०० कोटी जिवाणू सापडले, आणि जे स्पंज मालक नियमित निर्जंतुक करत होते त्यांतही ते कमी नव्हते. स्पंज टाकून नवा घेणं हाच उपाय.

आता गुणांकन. काही संच बुरश्यांच्या ३६ जातींवर आधारलेला एक निर्देशांक देतात: ओलीशी निगडित २६ जातींची बेरीज, त्यातून सगळीकडे सापडणाऱ्या १० जातींची वजाबाकी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच तो तयार केला आणि ती संस्थाच सांगते की तो संशोधनासाठी आहे, घरमालकांच्या रोजच्या निर्णयांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही ‘एवढ्यापर्यंत सुरक्षित’ अशी संख्या दिलेली नाही. ओल रोखा आणि बुरशी काढा, एवढंच सांगितलं. जिथे सुरक्षित मर्यादा कुणी ठरवू शकलेलं नाही, तिथे शंभरपैकी त्र्याहत्तर गुण कसे काढले, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

‘विविधता, म्हणजे जिवाणूंचे प्रकार, जास्त म्हणजे चांगलं’ हा दुसरा गुणही तसाच. तो जिथून उचलला जातो ते काम खरं आणि महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांत वंश आणि आहार मिळताजुळता, पण अमिश मुलांत दम्याचं प्रमाण ५.२ टक्के आणि हटराइट मुलांत २१.३ टक्के, अमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं द्रव्य, ६.८ पट जास्त. पण अमिशांकडे गोठा घराला लागून होता आणि मुलं लहानपणापासून त्यात वावरत होती. भिंत झिरपल्यानेही घरातली विविधता वाढते. अहवाल या दोन्ही घरांना सारखेच गुण देईल.

कुणी संच घ्यावा, तर ज्याच्याकडे तुलनेचा ठरलेला प्रश्न आहे त्याने. भिंतीची गळती दुरुस्त केल्यावर बुरशीचं चित्र बदललं का, कुबट वास येणाऱ्या खोलीत आणि न येणाऱ्या खोलीत फरक आहे का, असे प्रश्न. भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर चाचणीवर पैसे घालवू नयेत. कुठल्याही जातीची निघाली तरी काम तेच: पाणी थांबवायचं, भाग वाळवायचा, खराब झालेलं काढून टाकायचं.

आणि पहिल्यांदाच खर्च करणार असाल तर संचाआधी दोन आर्द्रतामापक घ्या. ते तपासायची सोपी रीत आहे: मिठात थोडंसंच पाणी घालून ओला लगदा करावा, उघड्या वाटीत तो आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात बारा तास ठेवावा. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवावेत. मीठ पूर्ण विरघळलं तर आकडा चुकतो, म्हणून लगदाच हवा. एक मापक खोलीच्या मध्यावर आणि दुसरा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ठेवावा. खोलीत २० अंशाला ६० टक्के आर्द्रता असेल आणि भिंतीचा पृष्ठभाग १५ अंशांवर असेल, तर भिंतीलगत तीच हवा ८२ टक्क्यांपर्यंत पोचते. भिंतीवर आणि गालिच्याच्या धुळीत बुरशी साधारण ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की वाढू लागते, त्यामुळे खोलीतला आकडा निर्धास्त करणारा असूनही कपाटामागे काळे डाग पडतात. कपाट भिंतीपासून हातभर सरकवलं आणि दुसऱ्या मापकाचा आकडा ७० च्या खाली आला, तर जी माहिती डीएनए-चाचणी आडवळणाने आठवड्यांनी देणार होती ती थेट मिळाली.

संच घ्यायचंच ठरलं तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, वाचलेल्या डीएनएची मूळ फाइल, कारण नावं आणि वर्गवारी बदलत राहते: २०१६ पर्यंत जो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होता तोच आज क्युटिबॅक्टेरियम आहे, आणि मूळ फाइल असेल तरच जुने-नवे अहवाल एका मापाने पुन्हा मोजता येतात. दोन, कंपनी ठरावीक तुकडा न वाचता नमुन्यातला सगळाच डीएनए वाचत असेल, तर त्यात घरातल्या माणसांचाही येतो. तो भाग विश्लेषणाआधी पुसला जातो, साठवला किंवा कुणाला दिला जात नाही, अशी स्पष्ट ओळ करारात असावी.